पहाटे तीनची वेळ कोणी घ्यावी?

२८ जानेवारी २०२१ च्या रात्री अमेरिकेतील सिएटल शहरात लशीचे एक शीतकपाट बंद पडले. आत मॉडर्नाच्या कोविड लशीचे सोळाशेहून अधिक डोस होते आणि पहाटे साडेपाचच्या सुमारापर्यंत ते टोचून झाले नाहीत, तर फेकून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयांनी ते डोस उतरवून घेतले, रात्री अकराच्या सुमारास समाजमाध्यमांवर निरोप टाकला आणि माणसे आली. जानेवारीच्या थंडीत, कोणी अंगावरच्या झोपायच्या कपड्यांनिशी, रांगेत उभी राहिली. उजाडायच्या आत सगळे डोस दंडांत गेले होते, एकही वाया गेला नाही.

त्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, ११ जानेवारीला, ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या प्रवक्त्याने सांगितले होते, की लसीकरण केंद्रे रात्री आठनंतरही उघडी ठेवावीत अशी लोकांची फारशी मागणी नाही. सकाळी आठ ते रात्री आठ यांतली वेळ मिळत असेल तर लोक तीच पसंत करतात. या विधानावर टीका झाली आणि दोनच दिवसांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेत ग्वाही दिली, की चोवीस तास लसीकरण शक्य तितक्या लवकर सुरू करू, मात्र सध्या अडचण पुरवठ्याची आहे. ‘पहाटे तीनला बोलावले तरी मी जाईन’ असे तेव्हा अनेक जण म्हणाले असतील आणि त्यांच्या शब्दावर मी शंका घेणार नाही. सिएटलच्या रांगेने तो शब्द खरा करून दाखवला. तरीही ‘लोक रात्री येतील का’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. येणारे येतील. कोण येतील, कोणाच्या आधी येतील आणि ते रात्री आल्यामुळे कोणाची दिवसाची जागा मोकळी होईल, हे विचारल्याशिवाय त्या तयारीचा उपयोग कसा करायचा ते कळत नाही.

माझे म्हणणे असे आहे, की ज्याला रात्री-अपरात्री जाणे जमते त्याने ती अडनिडी वेळ स्वतःहून मागून घ्यावी, आणि ज्याला जमत नाही त्याच्या नकाराला कोणी लशीविषयीची अनास्था समजू नये. या दोन गोष्टी एकत्रच बोलायला हव्यात. पहिली एकटीच सांगितली, तर ती धडधाकट माणसांना रांगेत पुढे नेणारी सबब होते. दुसरी एकटीच सांगितली, तर कोणावरच काही जबाबदारी येत नाही.

या प्रश्नाला निकड येते ती लशीच्या कुपीमुळे. फायझरच्या लशीची सुरुवातीची कुपी डोळ्यांसमोर आणावी. उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली ती कुपी आधी वितळवायची. आत अर्धा मिलिलिटरही द्रव नाही, फक्त ०.४५ मिलिलिटर. त्यात १.८ मिलिलिटर सलाइन घालायचे, कुपी हलक्या हाताने दहा वेळा उलटसुलट करायची, पण जोराने हलवायची नाही. मग एकेका सिरिंजमध्ये ०.३ मिलिलिटर ओढून घ्यायचे. सुई आणि नळीच्या सांध्यात कमी द्रव अडकेल अशी सिरिंज असेल तर सहावा डोस निघतो, नाही तर पाचांवर भागवावे लागते. सलाइन मिसळल्या क्षणापासून हाताशी सहा तास असतात. त्यानंतर कुपीत जे उरेल ते कचऱ्यात. म्हणजे केंद्र रात्री आठला बंद होणार असेल आणि पावणेआठला एकच माणूस दारात उभा असेल, तर त्याच्यासाठी नवी कुपी उघडावी की त्याला उद्या यायला सांगावे, हा निर्णय तिथल्या नर्सला उभ्या उभ्या घ्यावा लागतो.

डिसेंबर २०२० च्या अखेरीस टेक्सासमधील एका डॉक्टरपुढे हीच वेळ आली. केंद्र बंद होता होता शेवटच्या माणसासाठी मॉडर्नाची नवी कुपी उघडली गेली आणि दहा डोस उरले. पुढचे सहा तास त्यांनी फोन करण्यात आणि गाडीने हिंडण्यात घालवले. काही जणांना त्यांच्या घरी जाऊन लस टोचली, काही जण रात्री डॉक्टरांच्या घरी येऊन टोचून घेऊन गेले. अखेरचा डोस मध्यरात्रीच्या सुमारास, मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना, त्यांनी आपल्या आजारी पत्नीला दिला. या धडपडीपायी त्यांची नोकरी गेली आणि त्यांच्यावर चोरीचा आरोपही ठेवण्यात आला. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि पुढे ग्रँड ज्युरीनेही, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानेही, खटला उभा करायला नकार दिला. मला या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची वाटतात ती त्या रात्री अचानक आलेल्या फोनवर ‘हो, येतो’ म्हणणारी माणसे. त्यांच्या तयारीत काही उणे नव्हते. उणीव होती ती अशी माणसे आधीच हेरून त्यांची यादी हाताशी ठेवण्याची, आणि ती यादी वापरणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या नियमाची.

रात्रीच्या केंद्रांविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप पुरवठ्याचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. दिवसाला हजार डोस येत असतील आणि बारा तासांत ते टोचून होत असतील, तर रात्रभर दिवे चालू ठेवल्याने एक हजार एकावा डोस निर्माण होत नाही. न्यूयॉर्क शहराने जानेवारी २०२१ मध्ये ब्रुकलिन आणि ब्राँक्स भागांत चोवीस तास चालणारी केंद्रे उघडली आणि त्याच महिन्यात लस कमी पडल्यामुळे सुमारे २३,००० जणांच्या ठरलेल्या वेळा पुढे ढकलाव्या लागल्या. भारतात ३ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी वेळेचे बंधन उठवल्याचे जाहीर केले. नागरिकांनी आपल्या सोयीने चोवीस तासांत केव्हाही लस घ्यावी, अशी ती घोषणा होती. पण केंद्रे किती वेळ उघडी ठेवायची हे रुग्णालयांच्या मर्जीवर होते, आणि दोनच महिन्यांनी लोकांची तक्रार वेळेविषयी उरली नाही, नोंदणीत जागाच मिळत नाही अशी झाली. टंचाईच्या दिवसांत चोवीस तासांची घोषणा पोकळ ठरू शकते, हे या अनुभवांवरून शिकायला हवे.

पण टंचाई कायमची नसते. लस पुरेशी आली, की अडचण जागेची, हातांची आणि तासांची होते, आणि मग रात्र कामाला येते. ॲरिझोनातील ग्लेनडेल येथील स्टेडियममध्ये ११ जानेवारी २०२१ पासून रात्रंदिवस लसीकरण सुरू झाले. लोक मोटारीत बसूनच लस घेत. शिवाय टंचाई असतानाही रात्रीच्या वेळेचा एक उपयोग उरतोच. ती डोस वाढवत नाही, पण दिवसाच्या मोजक्या जागांवरचा भार हलका करते. हा मुद्दा चर्चेत फारसा येत नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे.

ब्रिटनने त्या जानेवारीत ज्या पहिल्या चार गटांना आधी लस द्यायची ठरवले, त्यांत सुमारे दीड कोटी माणसे होती: वृद्धाश्रमांतले रहिवासी आणि त्यांची काळजी घेणारे, सत्तरीच्या पुढचे सगळे, आरोग्य कर्मचारी आणि आजारामुळे ज्यांच्या जिवाला सर्वाधिक धोका होता ते. त्यांतल्या बयाऐंशी वर्षांच्या एखाद्या बाईंना पहाटे तीनची वेळ मिळाली आहे, अशी कल्पना करावी. दोन वाजता गजर लावायचा, पण त्या धास्तीने त्यांना बारापासूनच झोप लागणार नाही. काठी घेऊन अंधारात दोन पायऱ्या उतरायच्या. चष्मा असूनही रात्रीचे नीट दिसत नाही. बस बंद झालेली, म्हणून मुलीला बोलवायचे. तिला सकाळी सातला कामावर जायचे आहे. केंद्रावर नाव सांगायचे, टोचून घ्यायचे, मग पंधरा मिनिटे निरीक्षणाखाली खुर्चीत बसायचे आणि पुन्हा त्याच दोन पायऱ्या चढून घरात यायचे. या बाई ‘मला रात्री जमणार नाही’ म्हणाल्या, तर त्यांचा लशीवर विश्वास नाही असा अर्थ कोणी काढील का? तरीही ‘पहाटे तीनला याल का’ असे सरसकट विचारून त्याच्या उत्तरांवरून लोकांची उत्सुकता मोजली, तर नेमके हेच घडते. त्या उत्तरातून प्रत्यक्षात मोजले जाते ते वय, स्वतःचे वाहन, घरात मागे सांभाळायला कोणी आहे की नाही, दुसऱ्या दिवशी उशिरा कामावर गेले तर चालते की नाही, आणि रस्त्याने एकटीने जाताना वाटणारी भीती.

सिएटलच्या रांगेकडेही मी म्हणूनच थोड्या सावधपणे पाहतो. ते डोस वाया जाऊ न देणे हेच त्या रात्री योग्य होते, याबद्दल मला शंका नाही. पण रात्री अकराला जागे असलेले, हातात फोन असलेले आणि तो निरोप पाहून लगेच निघू शकणारे लोकच तिथे पोहोचू शकत होते. ज्यांना लशीची गरज सर्वांत जास्त, ते बहुतेक त्या वेळी झोपलेले असणार. तयारी आणि गरज या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र असतीलच असे नाही, आणि रात्रीच्या वेळा कोणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्याने हे सतत डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

दुसरी एक बाजू आहे आणि ती दिवसा जागणाऱ्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. रात्रपाळीचा पहारेकरी, कारखान्यातला कामगार, रुग्णालयातली सफाई कामगार, मालमोटारीचा चालक यांच्या दृष्टीने अडनिडी वेळ कोणती? सकाळी आठला काम संपवून घरी आलेल्या माणसाला दुपारी एकची वेळ देणे म्हणजे इतरांना पहाटे तीनला उठवण्यासारखेच आहे. तो दुपारी एकला येतो, डोळे चोळत रांगेत उभा राहतो आणि त्या रात्री पुन्हा कामावर जातो, आणि याला कोणी तयारी किंवा त्याग म्हणत नाही, कारण आपण दिवसाच्या वेळेलाच ‘सोयीची वेळ’ असे नाव देऊन मोकळे झालो आहोत. रात्रीचे केंद्र त्याच्यासाठी सवलत नव्हे, त्याला मिळालेली पहिली सरळ वेळ आहे. साथीच्या काळात घरी बसण्याची मुभा नसलेलीही हीच माणसे होती. रात्रीच्या जागांवर पहिला हक्क यांचा असावा, आणि त्यांना त्या जागा मागाव्या लागू नयेत; कामाच्या ठिकाणाहून जाता-येता घेता येतील अशा त्या असाव्यात.

सोय हा शब्द आपल्याकडे जरा हलक्या अर्थाने वापरला जातो. ‘जीव वाचवायचा आहे, मग सोय कसली बघता’ असे सहज म्हटले जाते. लोक लस घ्यायला का कचरतात याचा अभ्यास करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये जी कारणे मांडली, त्यांत लशीवरचा अविश्वास आणि आजाराविषयीची बेफिकिरी यांच्या जोडीला गैरसोयीला बरोबरीचे स्थान दिले होते. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत डोळे उघडणारा आहे. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली बालके फक्त ६ टक्के होती. जिथे ठरलेल्या दिवशी हमखास भरणारे शिबिर गावातच आणले, तिथे हे प्रमाण १८ टक्के झाले, आणि त्याला छोट्याशा बक्षिसाची जोड दिल्यावर ३९ टक्के. पहिल्या तिपटीसाठी कोणाचेही मन वळवावे लागले नव्हते. ज्या आयांना आधी ‘उदासीन’ समजले गेले असते, त्यांना एवढेच हवे होते, की आपण मूल घेऊन गेलो तर दार उघडे असेल.

वैद्यकीय दृष्टीने रात्रीची लस कमी गुणाची ठरते का, ही शंका रास्त आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही तरुणांना सलग काही रात्री फक्त चार तास झोपू दिले आणि त्याच काळात इन्फ्लुएंझाची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) नेहमीप्रमाणे झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. पुढे तीन-चार आठवड्यांनी मात्र हा फरक उरला नाही. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पासष्टीपुढच्या २७६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सकाळी नऊ ते अकरा यांत लस घेतलेल्यांना दुपारी तीन ते पाच यांत घेतलेल्यांपेक्षा इन्फ्लुएंझाच्या तीनपैकी दोन प्रकारांविरुद्ध अधिक प्रतिपिंडे तयार झाली. हे दोन्ही निष्कर्ष इन्फ्लुएंझाच्या लशीचे आहेत. त्यांवरून रात्री दिलेली कोविडची लस निकामी ठरते असे कोणी म्हणू शकत नाही, आणि एका रात्रीची झोपमोड म्हणजे आठवडाभराचे जागरणही नव्हे. पण त्यांतून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. वृद्धांना शक्यतो सकाळची वेळ द्यावी, हा आग्रह केवळ मायेपोटी नाही, त्याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. आणि रात्री लस घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी निवांत झोपू द्यावे. त्यासाठी त्याच्या कामाच्या ठिकाणी उशिरा येण्याची मुभा असली पाहिजे. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी पहाटे चारला गाडी चालवत घरी जाणे हा लशीच्या कोणत्याही दुष्परिणामाहून मोठा धोका ठरू शकतो.

टोचणाऱ्यांचाही विचार हवा. नर्स, नोंदणी करणारे, राखणदार, सफाई कामगार हे सगळे रात्री जागतील तेव्हा रात्रीचे केंद्र चालेल. रात्रपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवले. रुग्णालयात आधीच पिचलेल्या माणसांना आणखी एक पाळी चिकटवून चोवीस तासांचे श्रेय घेणे मला मान्य नाही. निवृत्त परिचारिका, प्रशिक्षित स्वयंसेवक, वेगळा मोबदला आणि वेगळी पाळी यांची तजवीज होत नसेल, तर आठवड्यातून दोनच रात्री केंद्र उघडावे, पण ते नीट चालवावे.

एवढ्या अटी घातल्यावर मी रात्रीच्या वेळेच्या विरोधात आहे असे कोणाला वाटेल. उलट, मला तिची फार किंमत वाटते. लोक किती येऊ शकतात याचा एक जुना दाखला न्यूयॉर्कचाच आहे. मार्च १९४७ मध्ये मेक्सिकोहून बसने आलेल्या एका प्रवाशाबरोबर देवीचा रोग शहरात पोहोचला. रोगाची ओळख पटल्यावर आरोग्य आयुक्त इस्रायल वाइनस्टाइन यांनी लोकांना लस घेण्याचे आवाहन केले आणि महिन्याच्या आत सुमारे ६० लाख लोकांनी ती घेतली. एकूण १२ जणांना लागण झाली, दोघे दगावले. रुग्णालये, दवाखाने, शाळा, पोलीस ठाणी अशा जागोजागी लस मिळत होती आणि लांबच लांब रांगा लागल्या होत्या. त्या रांगांत उभे राहणाऱ्यांनी सोय पाहिली नाही हे खरे, पण ज्यांनी ठिकठिकाणी दारे उघडली त्यांनी लोकांची सोय पाहिली होती, हेही तितकेच खरे. महिनाभरात एवढे मोठे शहर सुरक्षित झाले ते या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे.

म्हणून तिशी-चाळिशीतल्या, हातपाय धड असलेल्या, रात्री सुखरूप जाऊन येऊ शकणाऱ्या माणसाला माझे सांगणे आहे, की आपला क्रमांक आला आणि नोंदणीत सकाळी अकरा व पहाटे तीन या दोन्ही वेळा दिसल्या, तर पहाटे तीनवर बोट ठेवावे. गजर लावून उठण्याची आणि दुसऱ्या दिवशी पेंगण्याची ही किंमत लहान आहे. मात्र आपला क्रमांक आलेला नसताना, केवळ आपण रात्री जागू शकतो म्हणून, पुढे घुसण्याचा परवाना ही तयारी देत नाही. अपवाद एकच: उघडलेल्या कुपीतला डोस वाया जाणार असेल आणि त्या सहा तासांत दुसरे कोणी पात्र माणूस मिळत नसेल, तर समोर जो असेल त्याने दंड पुढे करावा, आणि त्यासाठी त्यालाही, टोचणाऱ्यालाही कोणी नंतर जाब विचारू नये.

हे सगळे चांगुलपणावर सोडून चालणार नाही, ते नोंदणीच्या अर्जातच यायला हवे. रात्री दहा ते सकाळी सहा यांत येऊ शकाल का? अचानक बोलावले तर किती वेळात पोहोचाल? जाण्यायेण्याला वाहन आणि सोबत आहे का? रात्रपाळीला काम करता का? एवढे चार प्रश्न पुरेत. ‘अर्ध्या तासात येतो’ असे लिहिणाऱ्यांची नावे केंद्र बंद होण्याच्या वेळी नर्सच्या टेबलावर असावीत. रात्रपाळीवाल्याला काम सुटण्याच्या वेळेची जागा मिळावी. आणि पहिल्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणाऱ्या बयाऐंशी वर्षांच्या त्या बाईंना सकाळी अकराची वेळ जावी. त्या ‘नाही’चे कारण विचारणारा रकाना अर्जात असूच नये.